दर दोन वर्षांनी रिकामा होणारा गट

विद्यापीठात विद्यार्थ्यांचा तंत्रज्ञान-गट सुरू करणे फारसे अवघड नाही. चार उत्साही मुले, दुपारनंतर मोकळी असणारी एखादी खोली आणि ‘करून बघा’ म्हणणारा एक प्राध्यापक एवढ्यावर तो सुरू होतो, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत तो कधी ना कधी सुरू झालेलाही असतो. अवघड असते ते त्याचे तिसरे वर्ष. ज्यांनी तो उभा केला ती मुले तोवर पदवी घेऊन पुण्याला किंवा बंगळूरला गेलेली असतात, त्यांच्यानंतरच्या तुकडीने गटाचे चांगले दिवस पाहिलेले असतात पण तो चालवलेला नसतो, आणि त्याच्याही नंतरच्या तुकडीला असा काही गट होता हे विभागाच्या भिंतीवरच्या जुन्या फ्लेक्सवरून कळते.

मी ज्या विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात आज शिकवते. हे विद्यापीठ पुण्यामुंबईपासून दूर, जिल्ह्याच्या गावी आहे. विद्यार्थिनी असताना असा गट सुरू करणाऱ्यांत मी होते, आणि आता तो चालवणारी मुले वर्गात माझ्यासमोर बसलेली असतात. ‘मॅडम, आमच्या गावाकडच्या कॉलेजातही असा गट सुरू करायचा आहे, काय काय लागेल?’ असे विचारणारी मुले दरवर्षी भेटतात. त्यांची यादी बहुतेक तयार असते: नाव, बोधचिन्ह, उद्घाटनाला पाहुणा, पहिली कार्यशाळा. मी त्यांना आधी शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक काढायला सांगते.

एम.सी.ए.चा, म्हणजे संगणकातल्या पदव्युत्तर पदवीचा, अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा होता. २०२०-२१ पासून तो दोन वर्षांचा झाला. प्रवेशपरीक्षा, मग केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, मग कागदपत्रांची पडताळणी असे करत पहिले सत्र उशिरा सुरू होते आणि दिवाळीच्या आसपास येऊन लगेच परीक्षेला भिडते. शेवटचे सत्र बहुतेकांचे कंपनीतल्या प्रकल्पात जाते, म्हणजे मुले विद्यापीठाच्या आवारातच नसतात. मधे उरतात ती दोन सत्रे, आणि त्यांतूनही परीक्षांचे आठवडे, अंतर्गत मूल्यमापन आणि कॅम्पस मुलाखतींचा हंगाम वजा करावा लागतो. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याला गटासाठी खऱ्या अर्थाने मिळतो तो काळ एका वर्षाहून कमी आहे. हे एकदा कागदावर पाहिले की गट ‘कसा सुरू करायचा’ हा प्रश्न मागे पडतो आणि आपण गेल्यावर तो कोणाच्या हातात असेल, त्या माणसाला आज काय शिकवायला हवे, हा प्रश्न पुढे येतो. माझे सगळे म्हणणे या एका प्रश्नाभोवतीचे आहे.

पण आधी जागेविषयी बोलले पाहिजे, कारण जागा नसलेला गट फक्त फोनमध्ये राहतो. आमच्या वेळी विभागात दोन प्रयोगशाळा होत्या आणि तासिका संपल्या की त्यांना कुलूप लागे. किल्ली प्रयोगशाळा सहायकांकडे आणि एक जादा किल्ली शिपाईमामांकडे असे. मुलांच्या हाती संगणक सोपवायला विभाग धजत नव्हता, आणि त्यात आडमुठेपणा होता असे मला तेव्हाही वाटले नाही. जडवस्तूंच्या नोंदवहीवर ज्याची सही असते त्याला माऊस हरवला तरी उत्तर द्यावे लागते. आम्ही अर्ज लिहिला, त्यात कोण कुठल्या संगणकावर बसणार, शेवटी कोण दिवे बंद करणार, बिघाड झाला तर कोण सांगणार हे नावानिशी लिहिले, आणि आठवड्यातून एक दुपार मिळवली. मामा सुरुवातीला दाराशी खुर्ची टाकून बसत. पुढे ते ‘जाताना पंखे बघा रे’ एवढे सांगून आपल्या कामाला जाऊ लागले. हा विश्वास कुठल्याही परिपत्रकाने मिळाला नसता.

वेळ ठरवतानाही अशीच गावाकडची गणिते होती. तंत्रज्ञानाच्या गटांच्या बैठका संध्याकाळी उशिरा सुरू होऊन रात्रीपर्यंत चालायच्या, असा एक रिवाज मोठ्या शहरांतल्या वसतिगृहांतून आलेला आहे. आमच्याकडची निम्मी मुले आसपासच्या तालुक्यांतून एस.टी.ने ये-जा करणारी. गावाकडे जाणारी शेवटची सोयीची गाडी चुकली तर पुढचा प्रश्न ‘कुठे झोपायचे’ हाच. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक ठरलेल्या वेळी बंद होई. संध्याकाळची वेळ ठरली असती तर गट आपोआप वसतिगृहातल्या मुलग्यांचा झाला असता, आणि मग ‘मुली येतच नाहीत’ अशी तक्रारही झाली असती. आम्ही शनिवारी दुपारची वेळ घेतली आणि ती आजवर बदललेली नाही. गटात कोण असेल हे बऱ्याच अंशी घड्याळ ठरवते, असे मी आता खात्रीने म्हणते.

किल्लीची गोष्ट आमच्या एकट्याची नाही. अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांचा ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ सुरू झाला, म्हणजे खेळण्यातल्या आगगाड्यांचा छंद असणाऱ्यांचा. गाड्या आणि गावे रंगवणारे काही, आणि त्या मांडणीखालच्या तारा, रिले आणि जुन्या टेलिफोन यंत्रणेचे सुटे भाग जोडून गाड्यांचे नियंत्रण करणारे काही. दुसऱ्या गटाची ‘सिग्नल्स अँड पॉवर’ नावाची उपसमिती होती. तिच्यातली मुले १९५० च्या दशकाच्या अखेरीस संगणकाकडे वळली, आणि ‘हॅकर’ हा शब्द संगणकाच्या जगात आला तो त्यांच्याच बोलीतून. या क्लबात नव्या सभासदाला खोलीची किल्ली लगेच मिळत नसे. मांडणीवर ठरावीक तास काम केले की मिळे. मला या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आणखी वेगळेच. क्लबाचा जुना सभासद जॅक डेनिस पुढे तिथेच अध्यापक झाला, आणि लिंकन प्रयोगशाळेकडून एम.आय.टी.त आलेल्या टी.एक्स.-० या संगणकाशी त्याने क्लबातल्या मुलांची गाठ घालून दिली. त्या काळात संगणक म्हणजे ज्याच्याजवळ विद्यार्थ्याला फिरकूही देत नसत अशी वस्तू. कागद खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तर नंतर घ्यायला यायचे. त्या मुलांना मात्र यंत्रासमोर स्वतः बसायला मिळाले. १९६१ मध्ये पी.डी.पी.-१ हा संगणक आला आणि १९६२ मध्ये त्यावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार झाला. मुले हुशार होती हे खरेच, पण दार उघडणारा माणूस आधी त्यांच्यातलाच एक होता, हेही तितकेच खरे.

संस्थेने काय द्यावे याचे याहूनही लहान उदाहरण फिनलंडचे आहे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्‌सने १९९१ मध्ये आपल्या कार्यप्रणालीचा गाभा तयार केला, तेव्हा तो इतरांना घेता यावा म्हणून आरी लेम्के यांनी फिनलंडच्या विद्यापीठीय जाळ्यातल्या सर्व्हरवर एक जागा करून दिली, आणि त्या फोल्डरला ‘लिनक्स’ हे नावही त्यांनीच दिले. त्यासाठी कोणतीही योजना किंवा अनुदान लागले नाही. सर्व्हरवरची थोडी जागा आणि ती देण्याचा अधिकार असलेला एक माणूस पुरला.

आमच्या विद्यापीठात मात्र पहिली अडचण नेमकी जाळ्याचीच आली. वेबसाइट उघडत, पण कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ने कोड वर चढवायला गेले की काहीच होत नसे, आणि थोड्या वेळाने ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असा संदेश दिसे. विद्यापीठाच्या फायरवॉलवर, म्हणजे जाळ्यातली ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेवर, वेबसाठी लागणारी दारे सोडून बाकीची बंद होती, आणि दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या एस.एस.एच.साठी लागणारे २२ क्रमांकाचे दार, म्हणजे पोर्ट, त्यांतच होते. कोड ठेवण्याचे संकेतस्थळ असलेल्या गिटहबने याच कारणासाठी ४४३ क्रमांकाच्या, म्हणजे सुरक्षित वेबसाठीच्या, पोर्टवरून एस.एस.एच. करण्याची सोय ठेवलेली आहे, हे आमच्यातल्या एकाने शोधून काढले. ती दुपार मला आजही मोलाची वाटते. पोर्ट म्हणजे काय, फायरवॉल कशाला अडवते, एस.एस.एच. आणि एच.टी.टी.पी.एस. यांत फरक काय, हे सगळे आमच्या अभ्यासक्रमातल्या संगणक-जाळ्यांच्या पेपरात होते आणि आम्ही त्यावर आठ-आठ गुणांची उत्तरे लिहिली होती. पण अडलेल्या कामाच्या निमित्ताने ते पहिल्यांदा उपयोगात आले. आम्ही तो उपाय एका वहीत तारखेसह लिहून ठेवला. त्या वहीचे पुढे काय झाले ते ओघात येईलच.

गटात बोलायचे कोणत्या भाषेत, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर ठरलेले आहे असे सगळे धरून चालतात. तंत्रज्ञान म्हणजे इंग्रजी. पण बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हा चुकीचा संदेश देणारा संगणकाचा शब्द वाचता येत नाही असे नसते. त्याला उभे राहून, सगळ्यांसमोर, इंग्रजीत, ‘मला हे कळले नाही’ असे म्हणता येत नाही. प्रश्नच विचारला गेला नाही तर गट व्याख्यानांचा होतो. आम्ही सरळ मराठीत बोलायचे ठरवले: कर्नल, कमांड, लूप, पॉइंटर हे शब्द जसेच्या तसे, आणि भोवतीचे सगळे वाक्य मराठी. आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ अनेक भारतीय भाषांत, मराठीतही, तयार केलेले आहेत, आणि पहिल्या महिन्यातल्या नवख्या मुलांना ते फार उपयोगी पडतात. तरी पाठ पाहणे आणि शेजारी बसलेल्या ताईला किंवा दादाला ‘हे इथे का अडले?’ असे विचारणे यांत अंतर आहेच. गट असतो तो या दुसऱ्या गोष्टीसाठी.

भाषेचे दार उघडल्यावर एक गोष्ट घडली जी आम्ही योजलेली नव्हती: इतर विभागांची मुले येऊ लागली. अभियांत्रिकी महाविद्यालयापेक्षा विद्यापीठाजवळ अधिक काय आहे, तर शेजारीच भूगोल आहे, सांख्यिकी आहे, मराठी आहे, ग्रंथालयशास्त्र आहे. संगणकशास्त्राच्या मुलांकडे साधने असतात पण सोडवायला प्रश्न नसतात, म्हणून ती शंभराव्यांदा ‘स्टुडंट मॅनेजमेंट सिस्टिम’ बनवतात. भूगोलाच्या मुलाकडे प्रश्न असतो. आमच्या गटाचे पहिले खरे काम भूगोल विभागातल्या एका मुलीमुळे उभे राहिले. तिला आपल्या तालुक्याचा नकाशा हवा होता आणि उपलब्ध नकाशांत तिच्या गावाच्या वस्त्या, ओढे आणि पाणंद रस्ते नव्हते. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, जगभरच्या लोकांनी मिळून काढलेला मुक्त नकाशा आहे. त्यात कोणीही भर घालू शकतो आणि त्यातली माहिती परवान्याच्या अटी पाळून कोणालाही वापरता येते. उपग्रहाच्या चित्रावरून रस्ते आणि घरे रेखायची, मग गावात जाऊन नावे विचारायची, आणि प्रत्येक जागेला ‘नेम’ या खुणेबरोबर मराठी नावाची वेगळी खूण लावायची, असे ते काम. गावातली म्हातारी माणसे ओढ्याचे नाव सांगत, शेताच्या बांधावरून वळणारी वाट कुठे निघते ते सांगत, आणि आम्ही लिहून घेत असू. संगणकावर बसून शिकलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा या कामाने गट अधिक घट्ट बांधला गेला, कारण केलेले काम दुसऱ्या दिवशी जगाच्या नकाशावर दिसत होते आणि परीक्षेनंतर ते पुसले जाणार नव्हते.

आपल्या भाषेसाठी विद्यार्थ्यांना काय करता येते याचे मोठे उदाहरण केरळात आहे. तिथल्या कोळिकोडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, जे आज एन.आय.टी. आहे, २००२ च्या सुमारास मल्याळम संगणनाचे काम विद्यार्थ्याच्या पुढाकाराने सुरू झाले आणि त्यातून ‘स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग’ ही संस्था वाढली. मल्याळम लिपीचे मुक्त फाँट तिने सांभाळले, आणि तिने केलेला फोनवरचा मुक्त कीबोर्ड मराठीसह इतर अनेक भारतीय भाषांनाही चालतो. विद्यार्थी म्हणून आलेली माणसे पुढे नोकरी करता करताही त्या कामात राहिली. महाराष्ट्रात गटांची वानवा नाही. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातला लिनक्स वापरकर्त्यांचा गट किंवा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला मुक्त सॉफ्टवेअरचा गट यांनी मुलांच्या अनेक तुकड्या घडवल्या आहेत. आपल्या भाषेच्या कामात मात्र आपली विद्यापीठे अजून पुरेशी उतरलेली नाहीत, आणि हे मला मनापासून खटकते.

आता कार्यक्रमांविषयी. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षीय भाषण आणि आभारप्रदर्शन यांत एक अख्खी दुपार जाते, आणि मुलांची त्याआधीची दुपार सूत्रसंचालनाच्या संहितेत गेलेली असते. पाहुणे बोलावू नयेत असे माझे म्हणणे नाही. बाहेर काम करणारा माणूस पाहिला की मुलांना आपल्या कामाची दिशा दिसते, आणि तो मोलाचा अनुभव आहे. पण संस्थेच्या कागदोपत्री गट म्हणजे कार्यक्रमांची संख्या असते. महाविद्यालये-विद्यापीठांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनासाठी अहवाल हवा, उपस्थितांच्या सह्या हव्यात, ठिकाण-वेळ उमटलेली छायाचित्रे हवीत. शनिवारी दहा-बारा मुले गप्प बसून एक दोष शोधत होती याचे छायाचित्र काय काढणार? प्राध्यापक म्हणून ही फाइल आता मलाही भरावी लागते. मी वर्षातून एक कार्यक्रम नीट करून घेते, त्याचा अहवाल व्यवस्थित लिहिते, आणि उरलेले शनिवार मुलांना मोकळे ठेवते. मुलांनी अहवालासाठी काम शोधायचे नाही, केलेल्या कामाचा अहवाल मी लिहायचा, असे आमच्यात ठरलेले आहे.

बक्षिसाने काय होते हे आपण ऑक्टोबर २०२० मध्ये जगाच्या चव्हाट्यावर पाहिले. डिजिटल ओशन ही कंपनी २०१४ पासून ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम चालवते. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना महिन्याभरात ठरावीक संख्येने सुधारणा पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी त्याची तेव्हाची रचना होती. त्या वर्षी पहिल्याच दिवशी असंख्य प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पूर आला. प्रकल्पाची ओळख देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये एखादे विशेषण घुसडायचे, एखादे विरामचिन्ह हलवायचे आणि ‘सुधारणा’ म्हणून पाठवून द्यायचे. आपल्या फावल्या वेळात प्रकल्प सांभाळणारी माणसे हैराण झाली, आणि काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी आपणहून सहभाग घेतला आहे तेवढेच धरायचे, असे करावे लागले. अशा सुधारणा पाठवणाऱ्यांत आपल्याकडचे विद्यार्थीही पुष्कळ होते. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण पहिल्या वर्षापासून ज्यांना प्रत्येक हालचालीबद्दल प्रमाणपत्रच मिळाले आहे, त्या मुलांनी टी-शर्टाकडे तसेच पाहिले यात नवल नाही. आमच्या गटात प्रमाणपत्रे दिली जात नाहीत. त्यामुळे काही मुले दुसऱ्या शनिवारी येत नाहीत, आणि ते ठीकच आहे.

हस्तांतर हा या सगळ्याचा गाभा, आणि त्याची मला माहीत असलेली सर्वांत सुंदर उदाहरणे आपल्याच राज्यातली आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पी.एस.एल.व्ही.-सी३४ या अग्निबाणाने श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. त्या उड्डाणात एकंदर २० उपग्रह होते. ‘स्वयम्’चे वजन जेमतेम एक किलो, आणि त्याची दिशा राखण्यासाठी मोटारी वा इंधन न वापरता चुंबकांच्या साहाय्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेण्याची योजना विद्यार्थ्यांनी केली होती. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पी.एस.एल.व्ही.-सी३५ने आय.आय.टी. मुंबईच्या विद्यार्थ्यांचा, सुमारे दहा किलोंचा ‘प्रथम’ नेला. आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, इलेक्ट्रॉनांची मोजणी हा त्याचा हेतू होता. ‘प्रथम’चे काम २००७ मध्ये सुरू झाले होते आणि ‘स्वयम्’चे त्याच्या मागोमाग. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी पहिले आराखडे काढले ती मुले उपग्रह उडाला तेव्हा कित्येक वर्षे नोकरीत होती, आणि ज्यांनी तो श्रीहरिकोट्याला पोचवला ती मुले काम सुरू झाले तेव्हा शाळेत होती.

हे कसे साधले असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उपग्रहाच्या बाबतीत एखादा सुटा भाग का निवडला हे लिहून ठेवले नाही तर पुढच्या मुलाला तो बदलताही येत नाही आणि ठेवताही येत नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ आढावा घेताना ‘हे असे का केले’ म्हणून विचारणार, आणि उत्तर द्यायला ते करणारा मुलगा तिथे असेलच असे नाही. त्यामुळे कागद नीट ठेवणे हा कामाचाच भाग होऊन बसतो. आमच्यासारख्या लहान गटावर असा बाहेरचा धाक नसतो, म्हणून तो आपणच निर्माण करावा लागतो.

आमच्याकडे ती वही आहे. पोर्टाच्या अडचणीपासून सुरू झालेली ती वही आज गिटच्या साठ्यात आहे, मराठीत आहे, आणि तिच्यात काय केले यापेक्षा का केले हे अधिक लिहिलेले असते. गटाची सगळी खाती गटाच्या नावाच्या ई-मेलवर असतात. एखाद्या मुलाच्या स्वतःच्या पत्त्यावर खाते उघडले की तो गेल्यावर पासवर्डही जातो आणि संकेतस्थळाचे नावही नूतनीकरणाअभावी दुसऱ्याचे होते. मोठ्यांच्या तिसऱ्या सत्रातच प्रत्येक कामाला पहिल्या वर्षाचा एक जोडीदार मिळतो, आणि त्या सत्रात काम तो जोडीदार करतो, मोठा फक्त शेजारी बसतो. या शेजारी बसण्याचा काळ सर्वांत कठीण आहे. ज्या मुलीला एखादी गोष्ट पाच मिनिटांत करता येते तिने दुसऱ्याला ती तासभर करताना पाहायचे आणि कीबोर्डकडे हात न्यायचा नाही, हे वयाच्या बाविसाव्या वर्षी सोपे नसते. माझ्या पाहण्यात गट बुडाले ते बहुतेक वेळा इथेच: सर्वांत हुशार, सर्वांत कष्टाळू मुलाने शेवटपर्यंत सगळे स्वतः केले आणि जाताना उत्तम चाललेली व्यवस्था मागे ठेवली, पण ती चालवू शकणारे कोणी ठेवले नाही.

प्राध्यापकाने किती करावे, याविषयी माझे मत विद्यार्थिनी असताना जे होते त्याहून आज थोडे वेगळे आहे. तेव्हा वाटे, सरांनी अर्जावर सही करावी आणि बाजूला व्हावे. आता दिसते की तुकड्या बदलताना अखंड राहणारा दुवा विद्यापीठात फक्त शिक्षकाचाच असतो. जॅक डेनिस नसता तर टी.एक्स.-० पर्यंत ती मुले पोचली नसती. पण त्या दुव्याने काम काय करायचे हे ठरवू लागले की गट पुन्हा वर्गच होतो, आणि वर्ग तर आमच्याकडे पुरेसे आहेत. मी जागा सांभाळते, फाइल भरते, जाळ्याच्या विभागाशी बोलते, आणि जुन्या मुलांची नव्यांशी ओळख करून देते. शनिवारी मी प्रयोगशाळेत सहसा जात नाही. मी गेले की मुले उठून उभी राहतात, आणि उभी राहिलेली मुले प्रश्न विचारत नाहीत.

यंदाच्या तुकडीने निवडलेले काम माझ्या मनात कधी आले नसते. गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाची दाखल-नोंदवही त्यांनी संगणकावर घ्यायचे ठरवले आहे, ‘कोहा’ या मुक्त प्रणालीत. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली ही प्रणाली २००० सालापासून सर्वांना खुली आहे आणि आपल्याकडची अनेक महाविद्यालयीन ग्रंथालये ती वापरतात. ग्रंथालयशास्त्राच्या मुलांनी नोंदींचे साचे केले, संगणकशास्त्राच्या मुलांनी सर्व्हर उभा केला, आणि पहिली यादी छापून ग्रंथपालकाकांना नेऊन दाखवली. काकांनी ती चाळली आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगितले की क्रम चुकला आहे. ‘क्ष’ने सुरू होणारी पुस्तके ‘क’मध्ये शिरली होती, ‘ज्ञ’ची ‘ज’मध्ये, आणि जोडीला ‘ळ’ची जागाही ‘ल’च्या लगेच नंतर आली होती. संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘क्ष’ म्हणजे ‘क’, हलन्त आणि ‘ष’ अशी तीन चिन्हे ओळीने येतात, आणि ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या पुढचा आहे, त्यामुळे नुसत्या क्रमांकांवरून लावलेल्या यादीत दुसरे काही होणार नव्हते. मराठी वर्णमालेत मात्र ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. आपण पाटीवर गिरवलेला क्रम काकांच्या कपाटांतही तोच आहे.

मुले गेले काही शनिवार त्यावरच बसली आहेत. मराठीच्या क्रमवारीचे नियम वेगळे सांगता येतात हे त्यांनी शोधले आहे. ते डेटाबेसच्या पातळीवर लावायचे की शोधयंत्रणेच्या, यावर सांख्यिकीची एक मुलगी आणि एम.सी.ए.चा एक मुलगा यांच्यात वाद चालू आहे, आणि दोघांचेही म्हणणे कारणांसह वहीत लिहिले जात आहे. तो मुलगा जानेवारीत प्रकल्पासाठी पुण्याला जाईल. मुलगी अजून पहिल्या वर्षाला आहे.